नोंद आणि पाळी : कायम वास्तव्याच्या गुणांचा हिशेब

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत, नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती भिजते अशा घरांत वाढलेल्या मुलाला, शाळेत त्रैराशिक शिकण्यापूर्वीच एक व्यवहार घरच्या घरी कळून चुकलेला असतो. तो असा की, माळेगावच्या, सोमेश्वरच्या किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाची नोंद केली म्हणजे ऊस तुटून गेला असे होत नाही. नोंदीवर लागणीची तारीख चढते, जात चढते, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा हेही चढते. मग शेतकी विभाग त्या साऱ्या नोंदी एका क्रमाने लावतो, आणि तोडीची टोळी कोणाच्या फडात केव्हा उतरायची, हे जसे त्या क्रमावरून ठरते तसेच ते त्या वर्षी कारखान्याची गाळपाची ताकद किती आणि आसपास ऊस उभा किती, यावरूनही ठरते. ज्याचा ऊस उत्तम आहे त्याचीही पाळी लांबते, आणि एखाद्या वर्षी ऊस कमी असला की बेताचा ऊसही वेळेत जातो. हा व्यवहार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांच्याच मुलांना कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या, म्हणजे आता वाडीवस्तीवरही ज्याला नुसते ‘पीआर’ म्हणतात त्याच्या, गुणांचा हिशेब गूढ वाटावा आणि तो समजून घेण्यासाठी त्यांनी कोणा एजंटाच्या टेबलासमोर फी मोजून बसावे, याचे मला नवल वाटत आले आहे.

विद्या प्रतिष्ठानच्या किंवा तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या वर्गांतून पदवी घेऊन, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत अथवा वालचंदनगरच्या यंत्रशाळेत चार वर्षे काढून, मग पुण्याच्या एखाद्या कंपनीत रुजू झालेला तरुण आपल्या मित्राला प्राय: एकच प्रश्न विचारतो : ‘माझा स्कोअर किती बसेल?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर काढण्यास एक कागद, एक पेन्सिल आणि थोडा प्रामाणिकपणा एवढेच साहित्य पुरते. कॅनडाच्या सरकारने गुणांची कोष्टके प्रसिद्ध केलेली आहेत आणि स्वतःचे गुण स्वतः मोजण्याचे साधनही विनामूल्य ठेवले आहे. अडचण बेरजेची नसून, त्या कोष्टकात आपल्या आयुष्यातील कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात जाते आणि कोणती गोष्ट कोणत्याच रकान्यात जात नाही, हे ओळखण्याची आहे.

ही पद्धत आली कोठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९०८ साली कॅनडाने असा नियम केला की, येणाऱ्याने आपल्या देशातून निघून वाटेत कोठेही न थांबता अखंड प्रवासाने तेथे पोचले पाहिजे. आणि हिंदुस्थानातून तशी थेट जहाजसेवाच उपलब्ध नसल्यामुळे, हिंदी माणसाचे नाव न घेता त्याला दार बंद करण्याची ही युक्ती होती. १९१४ मध्ये हिंदी उतारूंना घेऊन आलेले कोमागाटा मारू हे जहाज व्हँकूवरच्या बंदरातून परत धाडले गेले ते याच धोरणापायी. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या करारात अवघ्या भारताच्या वाट्याला वर्षाकाठी १५० माणसांची परवानगी आली. १९६२ च्या नियमांनी वंशाची अट बहुतांशी दूर झाली, आणि १९६७ च्या ऑक्टोबरपासून तिच्या जागी गुणपत्रक आले : शंभरपैकी पन्नास गुण मिळवणारा पात्र. त्या पहिल्या गुणपत्रकात शिक्षणाला २० गुण होते आणि मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मताला तब्बल १५. आज त्या मताला एकही गुण नाही. माणसाच्या मर्जीपासून सुटका झाली ही गोष्ट मोठीच. परंतु मर्जीबरोबर दयेलाही जागा उरली नाही, आणि एका गुणाने राहिलेल्याची कैफियत ऐकून घेणारा त्या दफ्तरात आता कोणी बसलेला नाही.

(आपल्या बारामतीचे कवी मोरोपंत हेही मूळचे पन्हाळ्याचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते येथे येऊन स्थिरावले आणि १७९४ मध्ये येथेच निवर्तले. आजच्या कोष्टकात सांगायचे तर ‘आधी ठरलेल्या नोकरी’चे पूर्ण गुण त्यांना मिळाले असते.)

आता मूळ हिशेबाकडे. येथे बहुतेकांचा पहिला गोंधळ होतो तो असा की, हिशेब एक नसून दोन आहेत. कुशल कामगारांच्या संघीय योजनेत शिरण्यासाठी शंभरपैकी ६७ गुण लागतात. ही पहिली चाळणी. २००२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याखाली हा आकडा ७५ ठरला होता, तो २००३ मध्ये ६७ वर आला. त्यात भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, ठरलेल्या नोकरीला १० आणि ‘जुळवून घेण्याच्या क्षमते’ला १० असे वाटप आहे. ही चाळणी पार केली की माणूस आत गेला असे नव्हे. त्याची नोंद झाली, एवढेच. १ जानेवारी २०१५ पासून चालू झालेल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या व्यवस्थेत त्यानंतर १२०० गुणांचे दुसरे कोष्टक लागू होते, त्यावरून सर्व नोंदींचा क्रम लावला जातो, आणि ठरावीक दिवसांनी, ज्याला ड्रॉ म्हणतात त्या वेळी, वरच्या क्रमांकांना अर्ज करण्याचे निमंत्रण जाते. नोंदीची मुदत बारा महिन्यांची, आणि निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज दाखल करण्यास साठ दिवस.

एक उदाहरण घेऊन बेरीज करू. समजा, एकोणतीस वर्षांचा अविवाहित यांत्रिक अभियंता आहे. चार वर्षांची पदवी, पूर्ण वेळ नोकरीची तीन वर्षे, कॅनडात कोणी नाही, फ्रेंच येत नाही. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत त्याला श्रवणात ८, आणि वाचन, लेखन, संभाषण या तिन्हींत प्रत्येकी ७ बँड मिळाले. कॅनडाच्या भाषामापनात ही नववी पातळी होते. पहिल्या चाळणीत त्याचे भाषेचे २४, शिक्षणाचे २१, अनुभवाचे ११ आणि वयाचे १२ मिळून ६८ होतात. तो पार झाला. दुसऱ्या कोष्टकात वयाचे ११०, पदवीचे १२०, भाषेचे १२४, आणि त्याखेरीज पदवी व भाषा यांच्या संयोगाचे २५ आणि अनुभव व भाषा यांच्या संयोगाचे ५० असे मिळून ४२९ होतात.

आता याच तरुणाला श्रवणात ८ च्या जागी साडेसात बँड पडले असे समजा. श्रवणाच्या चाळीस प्रश्नांपैकी साधारणतः पस्तीस बरोबर आले तर आठ बँड मिळतो. म्हणजे एक उत्तर चुकले, ध्वनिफितीवरील बाईने सांगितलेला घरक्रमांक घाईत उलटा लिहिला गेला, एवढाच फरक. पहिल्या चाळणीत त्याचा एक गुण जाऊन ६७ राहतात. तो काठावर का होईना, पार होतो आणि निर्धास्त राहतो. परंतु दुसऱ्या कोष्टकात श्रवणाचे ३१ चे २३ होतात, आणि चारही अंगांत नववी पातळी असल्याखेरीज संयोगाचे पूर्ण गुण मिळत नाहीत अशी अट असल्यामुळे, २५ चे १३ आणि ५० चे २५ होतात. एकूण ३८४. एका चुकलेल्या उत्तराची किंमत पंचेचाळीस गुण! आणि चारही अंगांत आठवीच पातळी राहिली, तर दुसऱ्या कोष्टकाचा प्रश्नच उरत नाही, कारण पहिल्या चाळणीत ६४ होऊन तो बाहेरच राहतो. मग त्याने आणखी एक वर्ष नोकरी केली तरी अनुभवाचे दोन वाढून ६६, आणि सहा वर्षे पुरी झाल्यावर कोठे ६८.

या आकडेमोडीवरून मी काढलेला निष्कर्ष असा की, ज्याला आपल्या गुणांचा अंदाज बांधायचा आहे त्याने भाषेचा रकाना शेवटी ‘अंदाजे आठ’ असे लिहून भरू नये. परीक्षा देण्यापूर्वी केलेला सारा हिशेब, मग तो कोणी केलेला असो, कारखान्याने भाव जाहीर करण्यापूर्वी काढलेल्या कर्जासारखा असतो. दुसरे असे की, ४२९ हा आकडा चांगला की वाईट, याला स्वतंत्र उत्तर नाही. अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण ड्रॉची आणि कॅनडात काम केलेल्यांच्या ड्रॉची सीमारेषा पाचशेच्या वर गेलेली आहे, आणि तीच सीमारेषा फेब्रुवारी २०२१ मध्ये, महामारीने दळणवळण खुंटलेले असताना, कॅनडातील अनुभव असणाऱ्यांसाठी एकदा ७५ पर्यंत उतरली होती. गुण तेच, माणूस तोच. बदलला तो रांगेतील इतरांचा लोंढा आणि सरकारची निकड. २०२३ पासून तर आरोग्यसेवा, कुशल कारागिरी, फ्रेंच भाषा अशा विशिष्ट प्रवर्गांसाठी वेगळे ड्रॉ निघू लागले असून, फ्रेंच जाणणाऱ्यांची सीमारेषा इतरांच्या पुष्कळच खाली असते. एखाद्या प्रांताने नामनिर्देशन केले तर एकदम ६०० गुण वाढतात, आणि मग बाकीच्या हिशेबाला फारसा अर्थ राहत नाही.

अनुभवाच्या रकान्यात आपल्या भागातील लोक जितके ठेचकाळतात तितके दुसऱ्या कोठेही नसतील. कॅनडाने सर्व धंद्यांचे वर्गीकरण करून प्रत्येकाला पाच अंकी क्रमांक दिला आहे. त्यातील दुसरा अंक त्या कामाला लागणाऱ्या शिक्षणाची व तालमीची श्रेणी दाखवतो. यांत्रिक अभियंत्याचा क्रमांक २१३०१, म्हणून श्रेणी १. कुशल कामगारांच्या योजनेसाठी श्रेणी ० ते ३ पर्यंतचेच काम धरले जाते. आता साखर कारखान्यातील पॅनमन घ्या : उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन, दाणा धरला की नाही हे नजरेने आणि बोटाने ओळखणारा, ज्याच्या हातावर अख्ख्या हंगामाच्या साखरेची प्रत अवलंबून, असा हा माणूस. कॅनडाच्या वर्गीकरणात तो अन्नप्रक्रियेच्या यंत्रचालकांत, क्रमांक ९४१४० खाली, म्हणजे चौथ्या श्रेणीत गणला जाण्याचा संभव मोठा. आणि तसे झाल्यास त्याची वीस वर्षे शून्य भरतात. त्याच कारखान्याच्या कचेरीत बसून संगणकाची जोडणी पाहणाऱ्या, पॅनमनला ज्याने कधी पाहिलेही नसेल अशा पोराची तीन वर्षे मात्र पूर्ण धरली जातील. यात न्याय किती हा प्रश्न वेगळा. कोष्टक करणाऱ्याने ते आपल्या गरजेसाठी केले आहे, आपल्या गौरवासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवले म्हणजे रागही येत नाही.

शिवाय किमान एक वर्षाचा अनुभव सलग असावा लागतो, आठवड्याला तीस तासांच्या हिशेबाने, पगारी, आणि गेल्या दहा वर्षांतला. कारखान्यातील हंगामी कामगार गाळप संपल्यावर घरी बसतो. त्याचे हे खंड जोडून सलग वर्ष होत नाही. आणि ज्यांचा अनुभव खरोखर बिनतोड असतो त्यांचीही दाखल्यापाशी अडचण होते. आपल्याकडील लहान कारखानदार अनुभवाचा दाखला म्हणून जो कागद देतो, त्यात ‘सदर इसम आमच्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामास होते, त्यांची वर्तणूक चांगली होती’ एवढा मजकूर आणि खाली गोल शिक्का असतो. तिकडच्या अधिकाऱ्यास वर्तणुकीशी कर्तव्य नाही. त्याला हुद्दा, मुख्य कामांचा तपशील, आठवड्याचे तास आणि पगार हे सारे एका कागदावर हवे असते, आणि तो तपशील त्या पाच अंकी क्रमांकाखाली वर्णिलेल्या कामाशी जुळावा लागतो. हा दाखला नोकरी सोडतानाच मागून घ्यावा. चार वर्षांनी मालकाच्या दारात तगादा लावण्याची वेळ आली, तर तोवर मालक बदललेला असतो किंवा त्याचे मन.

शिक्षणाचे गुणही आपण ठरवायचे नसतात. विद्यापीठाची गुणपत्रके मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडे जातात आणि ती पदवी कॅनडाच्या कोणत्या पदवीसमान, हे ती संस्था सांगते; हा अहवाल पाच वर्षे चालतो, भाषेचे प्रमाणपत्र दोनच वर्षे. पदविका आणि पदवी अशा दोन गोष्टी हाती आहेत म्हणून ‘दोन शिक्षणक्रमां’चे गुण मिळतील असे गृहीत धरून बेरीज वाढवणारे पुष्कळ आढळतात, आणि पुष्कळदा ते गृहीत अहवालात टिकत नाही.

वयाचा रकाना सर्वांत निर्दय. अविवाहिताला विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत ११० गुण, तिसाव्याला १०५, पस्तिसाव्याला ७७, चाळिसाव्याला ५०, पंचेचाळिसाव्याला शून्य. ज्या महाराष्ट्रात गुरुजींनी पिढ्यान् पिढ्या मुलांच्या दाखल्यावर सरसकट १ जून ही जन्मतारीख घातली, तेथील चाळिशीतल्या अर्जदाराचे दहा-अकरा गुण त्या गुरुजींच्या दौतीतून आधीच सांडून गेलेले असू शकतात. दाखल्यावर जी तारीख आणि पासपोर्टवर जी तारीख, तीच खरी. घरातल्या आजीची आठवण पुरावा होत नाही.

नात्यांचा हिशेब तर आपल्या माणसाला चमत्कारिकच वाटेल. पहिल्या चाळणीत कॅनडात कायम राहणारे सख्खे भाऊबहीण, मामा, काका, आत्या, मावशी, भाचा, पुतण्या यांपैकी कोणी असल्यास पाच गुण मिळतात. दुसऱ्या कोष्टकात केवळ सख्ख्या भावाबहिणीचे पंधरा गुण. मामा तेथे निकामी. चुलतभाऊ दोन्हीकडे निरुपयोगी, मग तो विमानतळावर घ्यायला येणारा का असेना. तीच गत जमिनीची. संसार मांडण्यापुरती रक्कम, एकट्या माणसासाठी सुमारे १५ हजार कॅनेडियन डॉलर, आपल्या हाती आहे हे दाखवावे लागते. परंतु ती हातउसनी चालत नाही, आणि सातबाऱ्यावरील बागायत क्षेत्राची किंमतही तीत धरली जात नाही. इंदापूरच्या बाजूला डाळिंबाची पाच एकर फळती बाग असलेला खातेदार आपल्या तालुक्यात सावकार समजला जातो. त्या दफ्तराच्या लेखी, बँकेतील शिल्लक पुरेशी नसेल तर, तो निर्धन.

विवाहितांनी मात्र एक बेरीज दोनदा करावी, आणि ही गोष्ट आपल्या घरांत बोलून दाखवण्यास थोडे धैर्य लागते म्हणून मुद्दाम लिहितो. समजा नवरा चौतीस वर्षांचा, अभियंता, दहा वर्षांचा अनुभवी, इंग्रजी आठव्या पातळीचे; बायको एकोणतीस वर्षांची, एम.एस्सी., तीन वर्षे शिक्षिका, इंग्रजी नवव्या पातळीचे. नवऱ्याच्या नावाने अर्ज केल्यास दुसऱ्या कोष्टकात ३४३ गुण होतात. तोच अर्ज बायकोच्या नावाने, नवरा तिचा सहचर म्हणून दाखवून केला, तर ४६२. माणसे दोनच, कागद तेच, फरक एकशे एकोणीस गुणांचा. तरीही कागदपत्रे गोळा करताना घराचा कारभारी म्हणून नाव मुलाचेच पुढे येते, आणि सुनेची गुणपत्रके माहेरच्या पेटीतून मागवावीत हे कोणाला सुचत नाही. मुख्य अर्जदार म्हणजे कुटुंबप्रमुख नव्हे; ज्याच्या नावाने हिशेब सरस उतरतो तो मुख्य अर्जदार, इतकाच त्याचा अर्थ.

मध्यस्थांविषयी फार लिहीत नाही. कॅनडाच्या प्रवेशविषयक सल्लागारांची आताची नियामक संस्था २०२१ पासून अस्तित्वात आहे, आणि फी घेऊन अर्ज चालवणाऱ्याचे नाव तिच्या किंवा वकिलांच्या पटावर असावे लागते. ते नाव पाहून घ्यावे. जो माणूस परीक्षेपूर्वीच ‘तुमचे चारशे ऐंशी बसतात’ असे छातीठोक सांगतो, किंवा कॅनडातील नोकरीचे पत्र मिळवून गुण वाढवून देतो म्हणतो, त्याला इतकेच सांगावे की नोकरीच्या देकाराचे दुसऱ्या कोष्टकातील ५० आणि २०० गुण मार्च २०२५ मध्ये रद्द झालेले आहेत. खोटा दाखला जोडल्याचे उघडकीस आले तर पाच वर्षे दार बंद होते, आणि ते अर्जदाराला, दाखला करून देणाऱ्याला नव्हे.

कॅनडाप्रमाणेच गुण मोजणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे गुणपत्रक थोडे निराळे आहे : तेथे ६५ गुणांची किमान अट असून पंचवीस ते बत्तीस या वयाला सर्वाधिक ३० गुण आहेत, आणि तेथेही ६५ मिळाले म्हणजे बोलावणे आले असे नाही. परंतु त्यात एक रकाना असा आहे की जो आपल्याकडील फार थोड्यांच्या ध्यानात येतो. समाजातील भाषा जाणणाऱ्याला तेथे पाच गुण मिळतात, आणि त्या भाषांच्या यादीत मराठी आहे. त्यासाठीच्या परीक्षेत दोन संवाद ऐकवतात. एक पक्ष इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत, आणि परीक्षार्थीने प्रत्येक तुकडा दुसऱ्या भाषेत तोंडी सांगायचा. एकूण ९० पैकी ६३ गुण हवेत, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी २९ तरी. घरात मराठी बोलणाऱ्याला हे गुण रस्त्यात पडलेले सापडल्यासारखे वाटतात; प्रत्यक्षात संवाद विम्याचे, दवाखान्याचे, भाडेकराराचे, न्यायालयाचे असतात, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा ‘प्रीमियम’, ‘बेल’ आणि ‘पॉवर ऑफ अॅटर्नी’ यांपुढे अडखळून तेच शब्द जसेच्या तसे परत उच्चारतो. हप्ता, जामीन, मुखत्यारपत्र, नुकसानभरपाई, तहकुबी हे शब्द ज्यांना तोंडपाठ असतात ते आजोबा बहुधा त्याच घरात, बांधाच्या दाव्यापायी बारामतीच्या दिवाणी न्यायालयाच्या तारखांना जाऊन जाऊन पिकलेले, ओसरीवर बसलेले असतात. त्यांच्याकडून रोज अर्धा तास ती कज्जाची हकिगत ऐकावी आणि ऐकता ऐकता इंग्रजीत सांगावी. या परीक्षेची याहून चांगली आणि बिनपैशाची शिकवणी मला तरी ठाऊक नाही.